लांबीमामा आणि नवव्या मजल्यावरचे पोपट

लांबीमामांची आणि पोपटांची पहिली भेट जमिनीपासून शंभर फूट उंचीवर झाली, आणि तीत मामांच्या उजव्या तर्जनीचं टोक जवळजवळ पोपटांच्या मालकीचं झालं. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला दोरांनी टांगलेल्या झुल्यात उभं राहून मामा भोकं तपासत होते. भोक दिसलं की आधी त्यात बोट घालून खोली बघायची, ही त्यांची चाळीस वर्षांची पद्धत. या भोकात बोट गेलं आणि परत यायला तयार होईना. त्या वेळी मामांनी जी आरोळी ठोकली ती, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, तीन रस्ते ओलांडून स्टेशनापर्यंत गेली आणि तिथली एक गाडी शिटी झाली असं समजून निघाली. सातव्या मजल्यावरचं तान्हं बाळ, जे दोन महिने कुणाला झोपू देत नव्हतं, ते घाबरून गाढ झोपलं. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची उचकी कायमची गेली. बोट धरणारा पक्षी त्या दुपारी कोंबड्याएवढा होता. संध्याकाळपर्यंत तो गरुडाएवढा झाला, आणि घरी त्याचा आकार दाखवायला मामांनी दोन्ही हात पसरले तेव्हा मामी म्हणाल्या, "बस करा, स्वयंपाकघर लहान आहे."

प्रत्यक्षात ती वीतभर अंगाची आणि वीतभर शेपटीची पोपटीण होती आणि अंड्यांवर बसली होती.

आरोळी विरते न विरते तोच भोकाशेजारची खिडकी उघडली आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई बाहेर डोकावल्या. झुला, त्यातला माणूस, त्याचं भिंतीत गेलेलं बोट हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे पाहिलं.

"काय हवंय?"

"बोट," मामा म्हणाले.

"कुणाच्या घरात हात घालण्याआधी विचारायचं असतं," असं म्हणून बाईंनी हातातल्या चमच्याने भिंतीवर तीनदा टकटक केली. बोट सुटलं. झुल्याच्या दुसऱ्या टोकाला मामांचा साडू पोट धरून हसत होता, त्यामुळे झुला हलत होता आणि मामांना एकाच वेळी बोट आणि तोल दोन्ही सांभाळावं लागत होतं.

लांबीमामांची उंची पाच फूट, त्यात टोपीचा वाटा दोन इंचांचा. भिंतीच्या भेगा बुजवायला रंगारी जो पांढरा लगदा वापरतात त्याला लांबी म्हणतात, आणि ती भरण्यात शहरात यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मामांनी भरलेली भेग पुढे त्यांची त्यांनाही सापडत नसे. मात्र एवढ्या वर्षांत हे कसब हातातून थेट अंगात उतरलं होतं. उघडं भोक दिसलं की मामांचा हात शिवशिवे. स्वतःच्या लग्नात, नवरी यायला वेळ होता म्हणून, त्यांनी हॉलच्या भिंतीतला खिळ्याचा खड्डा टूथपेस्टने भरला होता. मुलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी साबणाच्या तुकड्याने भिंतीचा निम्मा पट्टा सारखा केला, आणि नर्स बातमी घेऊन आली तेव्हा "एवढी एक भेग होऊ द्या" असं म्हणाले. मामी हे अजून बोलून दाखवतात. "यांचा हात यांच्या डोक्याच्या आधी उठतो," असं त्यांचं म्हणणं.

साडू म्हणजे मामींच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोघांना सासू एकच, आणि या एकाच सासूवर साडूने तीस वर्षं गप्पांचा संसार रेटला होता. झुल्यात बसून दिवसभर तो तिच्या गोष्टी सांगे. मामांना त्या पाठ होत्या, तरी त्या ऐकल्याशिवाय त्यांचं काम सरकत नसे.

तर बोट सुटल्यावर मामांनी बाईंना रीतसर सांगितलं, की ही इमारत दुरुस्तीला काढली आहे, भिंतीतलं एकूण एक भोक बुजवायचं आहे आणि हेही त्यात आलं.

"कोण म्हणतं?"

"कागदावर आहे, बाई."

"कागदांशी माझं एकतीस वर्षं लग्न लागलं होतं," बाई म्हणाल्या. त्या रेल्वेच्या तिकीटखिडकीवर होत्या. एवढी वर्षं काचेतल्या अर्धगोल भोकातून आत येणारे हात पाहिल्यामुळे माणसाचा चेहरा बघण्याआधी हात बघायची त्यांना सवय झाली होती. आत्ताही त्या मामांच्या हाताकडेच बघत होत्या. "अंडी आहेत आत. पिल्लं बाहेर येऊन उडेपर्यंत दहा आठवडे लागतील. तुमचं काम किती दिवसांचं?"

"बारा आठवडे."

"मग बसतंय की. ती उडाली की खुशाल बुजवा."

"आणि सुपरवायझर?"

"त्याला पाठवा माझ्याकडे."

सुपरवायझर बाईंकडे गेला नाही. ते भोक स्वयंपाकघराच्या हवेसाठी असून मूळ नकाशात आहे, असं मामांनीच त्याला सांगून टाकलं. नकाशा कुणी पाहिलेला नव्हता, सुपरवायझरने तर नाहीच. खरं म्हणजे आधीच्या मालकाचा तिथे धुराचा पाइप होता. त्याने तो काढताना आतून विटेचा पातळ थर आणि टाइल लावली आणि बाहेरचं तोंड तसंच सोडून दिलं. शहरातल्या पोपटांना अशा आळशी माणसांचा फार आधार असतो.

त्यानंतर मामांचं जे काही झालं त्याला मामी "खूळ" म्हणत. पन्नाशी ओलांडेपर्यंत ज्या माणसाने पक्षी म्हणजे ओल्या रंगावर पाय उमटवणारी जात एवढंच ओळखलं होतं, तो माणूस घरी येऊन पोपटांवर भाषणं देऊ लागला. संध्याकाळी चौकातल्या झाडांवर हजारो पोपट उतरतात हे मामींना माहीत होतं. त्या झाडांखालून कुणी छत्रीशिवाय जात नाही, हेही माहीत होतं. पण ते सगळे तिथे नुसते झोपायला येतात आणि प्रत्येकाचं घर वेगळीकडे असतं, कुणाचं गळक्या पाइपात, कुणाचं पुलाच्या पोटात, हे त्यांना जेवताना ऐकावं लागलं.

"आणि अंड्यांवर फक्त ती बसते. तो बाहेरून आणून भरवतो."

"ऐका," मामी म्हणाल्या. "पोपटालाही कळतं."

दुपारी चार वाजता बाई खिडकीतून चहा देत. झुल्यात दोन कप, खिडकीत एक. बाई पोपटांबद्दल सांगत आणि मामा शाळेतल्या पोरासारखे ऐकत. साडू मधेच सासूची गोष्ट सुरू करी आणि बाई त्याला "रांगेत या" म्हणून गप्प करत. त्यांना पिंजऱ्याचा मनापासून तिटकारा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी मैना पाळली होती तर बाई त्यांच्याशी लिफ्टमध्येही बोलत नसत.

"तोंडाशी सावली पडली की पिल्लं चिडीचूप होतात," बाईंनी एकदा सांगितलं. "घार आली असं वाटतं त्यांना. तुम्ही कान लावायचा असेल तर बाजूने लावा."

मामांनी बाजूने कान लावला. आत काहीतरी खरखरत होतं, चिवचिव म्हणावी तर नाही, जुनी बिजागरी कुरकुरावी तसं. मामा कान लावून इतका वेळ उभे राहिले, की त्यांच्या गालावर ताज्या रंगाचा चौकोन उठला.

तो रंग हस्तिदंती होता. भोकाभोवतीचा भाग मामांनी मोठ्या ब्रशने रंगवला नाही. बोटभर ब्रश घेऊन, बाळाच्या डोळ्यांत काजळ घालावं तसा तो कडेकडेने भरला. तरी एके दिवशी नर घाईने आत शिरताना शेपटी ओल्या कडेला घासून गेला आणि हिरव्या शेपटीवर हस्तिदंती पट्टा घेऊन फिरू लागला. मामांना तो पट्टा म्हणजे आपली सहीच वाटली. रस्त्यावरून चालताना ते वर बघत आणि लोकांवर आदळत.

नऊ आठवडे सगळं व्यवस्थित चाललं. घोळ झाला तो काम वेळेआधी संपल्यामुळे. त्या कंत्राटदाराच्या सबंध कारकिर्दीत एकही काम वेळेवर संपलेलं नव्हतं, आणि हे मात्र तीन आठवडे आधी आटोपलं. दोर, झुले, सगळं शनिवारी संध्याकाळी उतरवून दुसऱ्या इमारतीवर न्यायचं ठरलं. पिल्लांना अजून आठवडाभर तरी हवा होता.

"मग राहू द्या तसंच," मामा बाईंना म्हणाले. "भोक उघडंच ठेवतो. कायमचं."

"नक्की ना?" बाईंना रंगाच्या वासाने दम लागत होता, त्या शुक्रवार-शनिवार धाकट्या बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती, तरी पाय निघत नव्हता. "मी थांबते हवं तर."

"थांबून काय करणार? खोकत बसाल. मी आहे ना इथे."

"तुम्ही आहात म्हणून जाते," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

शनिवारी दुपारी शेवटची फेरी होती. बाराव्या मजल्यावरून सुरुवात करून खाली उतरत यायचं, वाटेत दोरांचे खिळे काढून झालेली भोकं बुजवायची, राहिलेसाहिलेले डाग पुसायचे. लहान भोकाला नुसती लांबी पुरते. मोठं असेल तर आधी सिमेंटच्या गोणीच्या कागदाचा बोळा, त्यावर सिमेंटचा थर, त्यावर लांबी, त्यावर रंगाचा हात. चार हालचाली, दोन मिनिटं. मामा हे डोळे मिटून करू शकत, आणि त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी त्यांनी तेच केलं. साडू एक नवी गोष्ट सांगत होता. सासूबाई बँकेत गेल्या आणि तिथल्या रखवालदारालाच त्यांनी रांगेत कसं उभं केलं, अशी काहीतरी. मामा हसत होते. हसता हसता बारावा मजला झाला, अकरावा झाला, दहावा झाला. पोपट दोघेही चाऱ्याला गेलेले होते. भिंतीवर मामांची सावली पडली, आत पिल्लं गप्प बसली. बोळा, सिमेंट, लांबी, रंग. झुला खाली सरकला. आठव्या मजल्यावर साडूची गोष्ट संपली आणि मामांनी डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं.

रविवारी मामा-मामी मुलीकडे जेवायला गेले. जावई टीव्ही टांगण्यासाठी भिंतीला चार भोकं पाडून त्या भोकांकडे कौतुकाने बघत होता. जेवण व्हायला अवकाश होता. लांबीची छोटी पत्री मामांच्या खिशात असतेच. घर रंगवताना उरलेला लांबीचा डबा गॅलरीत होता.

"बाबा," थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "ते काय केलंत?"

"काय?"

"ती भोकं ठेवायची होती. मुद्दाम पाडली होती ती."

मामांनी भिंतीकडे पाहिलं. चारातली तीन भोकं गेली होती, अशी गेली होती की कुठे होती ते जावयालाही सांगता येईना. मामांनी मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पत्रीवर चौथ्या भोकापुरती लांबी तयार होती.

"अहो," मामी म्हणाल्या, "तोंड का असं झालं तुमचं?"

मामा चपला घालू लागले. मुलीला वाटलं, बाबांना राग आला. ती जिन्यापर्यंत मागे गेली, "बाबा, दुसरी पाडू, त्यात काय," असं म्हणत राहिली. मामा तोवर रस्त्यावर पोचले होते.

बसमध्ये बसायला जागा होती तरी ते उभे राहिले. वाटेत कामाच्या जागी उतरून त्यांनी छिन्नी आणि हातोडी घेतली. इमारतीखाली येऊन वर पाहिलं तर भिंत सरळ, स्वच्छ, हस्तिदंती होती. एवढी चांगली भिंत त्यांनी आयुष्यात केली नव्हती. समोरच्या तारेवर दोन पोपट बसून एकसारखे ओरडत होते. एक उडे, भिंतीपाशी जाई, जिथे भोक असायला हवं तिथे पंख फडफडवत थांबे आणि परत तारेवर येई. त्याच्या शेपटीवर पट्टा होता.

झुला नव्हता. दोर नव्हते. बाहेरून वर जायला काहीच उरलं नव्हतं.

बाईंनी दार उघडलं. पिशवी अजून खांद्यालाच होती.

"मिस्त्री, आज सुट्टीच्या दिवशी? बरं झालं आलात. मी आत्ताच येतेय. शेजारच्या सांगत होत्या, हे दोघे कालपासून असे ओरडताहेत. आणि आतून आवाज नाही." त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "उडाली की काय हो पिल्लं? आठवडाभर आधीच?"

"बाई, भोक बुजलं."

"कुणी बुजवलं?"

मामांनी उजवा हात पुढे केला. बाईंनी सवयीप्रमाणे आधी हाताकडे पाहिलं आणि मग, बऱ्याच वेळाने, चेहऱ्याकडे.

"आतून फोडता येईल?"

"टाइल्स जातील."

"फोडा."

मामांनी भिंती भरल्या होत्या, फोडल्या क्वचितच होत्या. हातोडी जोरात मारावी तर आत पिल्लं, हळू मारावी तर वेळ जातोय. पहिली टाइल फुटली, दुसरी फुटली. बाईंनी ओट्यावरची भांडी बाजूला केली आणि फुटलेले तुकडे हाताने गोळा करत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. विटेचा एक कोपरा सुटला तसा मामांनी हात आत घातला आणि कालचा आपलाच बोळा, आपलंच सिमेंट बाहेरच्या बाजूला ढकललं. ते निघता निघेना. इतकं पक्कं काम. शेवटी छिन्नीने ढकलल्यावर ते खाली पडलं आणि स्वयंपाकघरात उजेडाची एक तिरीप आली.

पिल्लं तीन होती. दोन मेली होती. तिसरं, जिथे बोळा होता त्या तोंडाशी, कडेला पडलं होतं, तिथे कुठूनतरी थोडी हवा येत असावी. त्याने मामांच्या बोटाला चोच लावली, पण पकडण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती.

त्यांनी पिल्लू परत आत ठेवलं आणि भगदाडाला आतून फळी लावली. आता दोघांपैकी कुणीतरी येईल, असं बाई म्हणाल्या. दोघं स्वयंपाकघराच्या जमिनीवर भिंतीला टेकून बसून राहिले. तारेवरचे पोपट भोकापर्यंत येत, आत डोकावत आणि मागे फिरत. जिथे त्यांचा अंधार होता तिथे आता चुन्याची धूळ होती आणि फळीच्या फटीतून भलताच उजेड येत होता. सोमवारी ते दिवसातून दोनदा आले. मंगळवारी आले नाहीत. मंगळवारी संध्याकाळी बाईंनी फळी काढली, पिल्लू बाहेर घेतलं आणि भिजवलेली डाळ वाटून चमच्याने त्याला भरवली.

भिंत मामांनी आतून पुन्हा बांधली. तसल्या टाइल्स आता मिळत नव्हत्या, दोन वेगळ्या लावाव्या लागल्या. बाहेरच्या भोकाला त्यांनी हात लावला नाही.

साडूला झाला प्रकार कळला तेव्हा तो म्हणाला, "माझ्या गोष्टीमुळे झालं का रे?" मामा म्हणाले, "नाही." मग पुष्कळ दिवस झुला शांत होता. मामा ती बँकेतली गोष्ट आठवायचा प्रयत्न करत. एवढं हसू कशाचं आलं होतं ते काही केल्या आठवत नसे. साडूला विचारायची त्यांची हिंमत नव्हती.

पुढे कितीतरी संध्याकाळी ते चौकातल्या झाडांखाली, छत्री न घेता, मान वर करून उभे राहिले. हजारो पोपट कर्कश ओरडत थव्याथव्याने येत आणि त्यांत पट्ट्याची शेपटी दिसते का, हे बघेबघेपर्यंत अंधार पडे. मामी कपडे धुताना काही बोलत नसत, यावरूनच गोष्ट किती गंभीर आहे ते कळे. एकदा मामांनी बाईंना विचारलं, की तो पट्टा किती लांबून दिसेल.

"पिसं झडतात, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "रंग नाही राहत."

पिल्लू मोठं झालं. त्याचा डावा पंख नीट उघडत नव्हता. ते खोलीत खुर्चीपासून टेबलापर्यंत उडे आणि मग जमिनीवर येई. शेजारच्यांच्या मांजराने दोनदा स्वयंपाकघरात चक्कर मारल्यावर बाईंनी बाजारात जाऊन पिंजरा आणला. तो घेऊन त्या लिफ्टमधून वर येत होत्या तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे मैनावाले गृहस्थ आत शिरले. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि भल्या माणसासारखे आपला मजला येईपर्यंत बटणांकडे बघत राहिले.

मामा दर रविवारी फळं घेऊन जात. बाई दारातच पिशवी घेत, "कशाला त्रास घेता" म्हणत आणि मामांच्या गुडघ्याची चौकशी करत. चहाला बोलवत नसत, तसं म्हणायला बोलावण्याचं कारणही नव्हतं. चहा झुल्यात असतानाच व्हायचा. सहाएक महिन्यांनी मामांनी धीर करून दारातच विचारून टाकलं.

"बाई, माझ्यावर राग आहे का?"

बाईंनी थोडा विचार केला. तिकीट शिल्लक आहे की नाही ते बघावं, तसा.

"नाही हो. मीच घरी थांबायला हवं होतं. खोकला काय, गेला असता."

चोराला चोर म्हटलं तर तो निदान हात जोडतो. इथे फिर्यादीनेच गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेतला होता आणि तो तिथून काढायची युक्ती मामांना येत नव्हती. ते "बरं, येतो" म्हणाले आणि जिन्याने नऊ मजले उतरले. लिफ्ट चालू होती.

पुढच्या रविवारी त्यांनी फळांची पिशवी वॉचमनकडे ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा खरोखरच दुखत होता. मग वर्ष गेलं. बाई धाकट्या बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या, टॅक्सीत मांडीवर पिंजरा घेऊन, असं वॉचमनने सांगितलं. फ्लॅटला नवीन लोक आले. मामांनी मागे ठेवलेलं भोक अजून उघडं आहे. त्यात हल्ली कबुतरं राहतात.